गॅरेजला नको, कपाटाला हीटर लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दादरला हिंदू कॉलनीतल्या जुन्या इमारतीच्या आवारात तुमचं बंद गॅरेज आहे, दहा बाय अठरा फुटांचं, वर सिमेंटचे पत्रे. गाडी विकून टाकली आणि तिथे सुतारकामाचं छोटं वर्कशॉप मांडलंत. पावसाळा सुरू झाला की रंधे आणि पटाश्या गंजतात, टेबल सॉच्या बिडाच्या टॉपवर सकाळी तांबूस डाग दिसतात, लावलेलं पॉलिश पांढरं पडतं. म्हणून २००० वॉटचा रूम हीटर घ्यायचा विचार आहे. ब्लोअरचा घ्यावा, रॉडचा घ्यावा की तेलाचा?

मी परवानाधारक वायरमन आहे. गोरेगाव, साकीनाका, कुर्ला इथल्या गाळ्यांमध्ये ३१ वर्षं वायरिंग आणि विजेच्या मोटारींची कामं केली. मुंबईत रूम हीटर मागितला तर लोहार चाळीतला विजेच्या सामानाचा दुकानदार आधी हसतो आणि विचारतो, कुठे माथेरानला निघालात का? सांताक्रूझच्या वेधशाळेतली आजवरची सर्वांत कमी नोंद ७.४ अंशांची आहे, तीही २२ जानेवारी १९६२ ची. एरवी जानेवारीतल्या एखाद्या पहाटे १४-१५ झालं की आपण स्वेटर शोधतो. थंडीसाठी तुम्हाला हीटर लागत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुमचं भांडण दमट हवेशी आहे, आणि त्यावर ऊब हे औषध बरोबर आहे. मात्रा आणि जागा मात्र चुकताय.

जुलैतली पावसाळी सकाळ घ्या. गॅरेजमध्ये २७ अंश तापमान आणि ८८ टक्के आर्द्रता आहे असं धरू. अशा एक घनमीटर हवेत जवळजवळ २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. उंची ९ फूट धरली तर तुमच्या गॅरेजात ४६ घनमीटर हवा मावते, म्हणजे बिसलेरीच्या मोठ्या बाटलीएवढं पाणी तुमच्या डोक्याभोवती तरंगतंय. हीटर लावल्याने त्यातला एक थेंबही कमी होत नाही. हवा तापते, तापलेल्या हवेत जास्त वाफ मावते, आणि म्हणून टक्केवारी उतरते, एवढंच. हीच हवा ३० अंशांवर नेली की ८८ चे ७४ टक्के होतात, ३२ ला ६६, आणि ३४ ला गेल्यावर कुठे ६० च्या खाली येतात.

हा ६० चा आकडा महत्त्वाचा. गंज चढायला लोखंडावर पाणी दिसावंच लागतं असं नाही. साधारण ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की नुसत्या हवेतल्या ओलीवर गंज भराभर वाढतो. लोखंडावर मिठाचा अंश असेल तर त्याहून कमी ओलही पुरते. दादरची चौपाटी तुमच्यापासून फार लांब नाही, आणि हाताचा घाम म्हणजेही मीठच. ज्या पटाशीवर बोटांचे ठसे तसेच गंजून उमटलेले दिसतात, तिचा गुन्हेगार समुद्र नव्हे, तुम्हीच. काम झाल्यावर पटाशी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा बोळा फिरवायची जुन्या सुतारांची सवय उगाच नव्हती.

तेव्हा उद्दिष्ट ठरलं: हत्यारं बाहेरच्या हवेपेक्षा ६-७ अंश उबदार राहायला हवीत, आणि तीही रात्रंदिवस, जूनपासून सप्टेंबरपर्यंत. संध्याकाळी दोन तास हीटर लावून बंद केलात तर पहाटेपर्यंत सगळं पुन्हा होतं तिथे येतं.

आता अख्खं गॅरेज ७ अंशांनी उबदार ठेवायचं तर काय लागेल? पत्र्याचं छप्पर, नऊ इंची विटांच्या भिंती, लाकडी दार आणि दाराखालची फट धरून माझा ढोबळ हिशेब असा की आतलं तापमान एक अंशाने वर ठेवायला सतत २०० वॉट खर्ची पडतात. यातले निम्मे एकटा पत्राच खातो. ७ अंशांसाठी १४०० वॉट, म्हणजे दिवसाला ३३-३४ युनिट, महिन्याला हजार युनिट. युनिटला १२ रुपये धरले तरी बिल १२ हजारांवर जातं. तुमचा खरा दर बेस्टच्या बिलावर पाहा. वायर घरच्या मीटरवरून आणली असेल तर एवढ्या वापराला सगळ्यात वरचा स्लॅब लागेल. आणि एवढे पैसे मोजून मिळणार काय? ३४ अंशांची भट्टी, जिच्यात तुम्ही उघड्या अंगाने रंधा मारताय आणि घामाचे थेंब बिडाच्या टॉपवर टपकताहेत.

उलट्या दिशेचे उपायही बरेच जण करून बसलेत, म्हणून सांगतो. एक्झॉस्ट फॅन पावसाळ्यात बाहेरची ओली हवा आत ओढतो, गंज तेवढाच राहतो. एसी हवा कोरडी करतो खरा, पण लोखंडही थंड करतो. सकाळी एसी बंद, दार उघडलं, बाहेरची हवा आत आली की मशीनला सरबताच्या ग्लाससारखा घाम फुटतो. आणि गॅसची शेगडी किंवा गॅसचा हीटर तर बंद गॅरेजात पेटवूच नका. कार्बन मोनॉक्साइडने जीव जायची भीती आहेच, पण ओलीपुरतं बोलायचं तरी एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. ओल घालवायला निघालात आणि बादलीभर पाणी ओतून आलात अशातली गत.

मोठ्या जागेला थोडी ऊब देण्यापेक्षा छोट्या बंदिस्त जागेला सतत ऊब द्यावी, हे मी पुस्तकात वाचलं नाही. २६ जुलै २००५ ला शिकलो. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुर्ल्याच्या एका इस्टेटमधले तळमजल्याचे सगळे गाळे छातीएवढ्या पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर माझ्या वाट्याला वीसेक मोटारी आल्या. आम्ही त्या आधी गोड्या पाण्याने धुतल्या, बाजूची कव्हरं काढली, चार-चार मोटारी एका ताडपत्रीखाली ठेवल्या आणि आत २०० वॉटचे दोन-दोन जुने पिवळे बल्ब लावले. ताडपत्रीला वर मुठीएवढं भोक, वाफ जायला. दर चार तासांनी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायचा. गंमत म्हणजे पहिल्या दिवशी मेगरचं रीडिंग सुधारायच्या ऐवजी आणखी खाली जातं, कारण आतली ओल गरम होऊन सगळीकडे पसरते. नवखा माणूस तिथे घाबरतो. तिसऱ्या दिवशी काटा चढायला लागला आणि बहुतेक मोटारी वाचल्या. शेजारच्या गाळेवाल्याला घाई होती. त्याने २ किलोवॉटचा ब्लोअर उघड्यावर मोटारींसमोर ठेवला, वरून हात लावून कोरड्या वाटल्या म्हणून दुसऱ्या दिवशी चालू केल्या. दोन तिथल्या तिथे जळाल्या.

तुमच्या हत्यारांना तीच ताडपत्री हवी आहे, फक्त प्लायची. विजेच्या मोठ्या पॅनेलमध्ये दमटपणा राहू नये म्हणून आम्ही आत छोटा पॅनेल हीटर लावतो, मोठ्या मोटारींनाही बंद असताना चालू राहणारा स्पेस हीटर असतो. तोच वापरा.

६ फूट उंच, ३ फूट रुंद, दीड फूट खोल असं कपाट बनवा. तुम्ही स्वतःच सुतार, त्यामुळे मजुरीचा प्रश्न नाही. नुसत्या १९ मिलिमीटर प्लायचं केलंत तर ७ अंशांच्या उबेसाठी साधारण १०० वॉट लागतील. दोन पातळ प्लायच्या मध्ये इंचभर थर्मोकोल दाबून भिंती केल्यात तर ४० वॉटमध्ये काम होतं. ४० वॉट चोवीस तास म्हणजे दिवसाला एक युनिटसुद्धा पुरतं होत नाही. कुठे महिन्याचे हजार युनिट आणि कुठे तीस! लोखंडी कपाट या कामाला नको, त्याच्या पत्र्यातून ऊब बाहेर पळते. दाराला रबराची पट्टी लावा. फळ्या मागच्या भिंतीपासून दोन बोटं पुढे ठेवा आणि त्यांना पट्ट्यांच्या फटी ठेवा, म्हणजे गरम हवा वरपर्यंत चढेल. हीटर तळाला, ॲल्युमिनियमच्या पंखांचा, २३० व्होल्टचा. भोवती जाळीचा पत्रा, हीटर आणि प्लायमध्ये चार बोटं अंतर, मागे सिमेंट शीटचा तुकडा. सोबत एक थर्मल कटआउट सिरीजमध्ये घाला, काही चुकलं तर तो लाइन तोडेल. थर्मोस्टॅट घातलात तर बिघडत नाही, पण इतक्या छोट्या हीटरला मी तो घालत नाही: कपाट जेवढं तापायचं तेवढं तापतं आणि तिथेच थांबतं. बल्बचं कपाटही चालतं, वडिलांच्या पिढीने तेच केलं. पण बल्बची काच चांगलीच तापते आणि जवळ आलेल्या फडक्याला ती आग लावू शकते. एलईडी बल्ब लावून ऊब शोधत बसू नका, हे सांगावं लागतं कारण एकाने खरंच लावला होता.

कपाटात थिनर, स्पिरिट, पॉलिशचा डबा, काहीही ठेवायचं नाही. आणि जवसाच्या तेलाने माखलेले बोळे तर कपाटात नाहीच, गॅरेजातही गोळा करून ठेवू नका. हे तेल सुकताना स्वतःच तापतं आणि ढिगाऱ्याला आपोआप आग लागते. बोळा पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर तारेवर पसरून वाळवा.

टेबल सॉ कपाटात मावणार नाही. त्याच्या टॉपवर मेणाचं पॉलिश घासा, वर जुनी सुती चादर टाका. प्लॅस्टिक टाकू नका, खाली ओल कोंडते. मशीनच्या खालच्या पेटीतला भुसा साफ करून तिथे असाच २५-३० वॉटचा हीटर बसवता आला तर बिडाला रात्रभर मंद ऊब राहते. मात्र पेटी भुशाने भरू द्यायची असेल तर हा नाद सोडा.

वेल्डिंगही करत असाल तर ७०१८ रॉडचं पाकीट या कपाटात ठेवून ते सुकेल अशी आशा धरू नका. त्याला स्वतंत्र ओव्हन लागतो आणि तापमान डब्यावर छापलेलं असतं.

आता पॉलिश. लॅकर फवारलं की थिनर भरकन उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. ८८ टक्क्यांच्या हवेला दोन-अडीच अंशांची थंडाईसुद्धा पुरते, लगेच दव धरतं, ते ओल्या थरात अडकतं आणि पॉलिश पांढरं पडतं. इथे खोली तापवायची गरज नाही, वस्तू तापवा. फवारायच्या आधी तासभर स्टूल किंवा फळी उबदार जागी ठेवा. इन्फ्रारेड हीटर किंवा साधा रॉडचा हीटर इथे चांगला, कारण तो हवेपेक्षा समोरची वस्तू तापवतो. हाताला कोमट लागली की हीटर बंद, प्लग काढा, हीटर गॅरेजच्या बाहेर न्या, आणि मग पॉलिशचा डबा उघडा. हा क्रम उलटा करू नका. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते, आणि लाल तापलेला रॉड कोपऱ्यात असला तरी त्याला शोधते. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लावत असाल तर त्याचा हार्डनर ओलीशी भांडतो आणि थरात बुडबुडे येतात, तिथे ऊबही पूर्ण उपाय नाही. सरींच्या दिवशी पीयू लावायचंच नाही हा माझ्या ओळखीच्या पॉलिशवाल्याचा नियम आहे. तो महाग माणूस आहे आणि त्याचं काम परत येत नाही.

आधी विचारलंत ते प्रकार इथेच उरकतो. ब्लोअरचा हीटर लाकडाच्या वर्कशॉपात कधीही नको. तो भुसा आत ओढतो, कॉइलवर जाळतो आणि ठिणग्या बाहेर फेकतो. गोरेगावच्या एका गाळ्यात मी असाच ब्लोअर उघडला होता, आत भुशाचा कोळसा झालेला. रॉडचा फक्त वर सांगितलेल्या कामाला, डोळ्यासमोर. तेलाचा हीटर तिघांत सुरक्षित, त्याचे पंख लाल होत नाहीत, पण तुमच्या गॅरेजला तो मासे पकडायला तलाव उपसण्यासारखा आहे. तुमची जागा नाशिकला किंवा इगतपुरीच्या बाजूला असती आणि जानेवारीत हात गारठत असते तर मी वेगळं बोललो असतो.

लाकडाचाही प्रश्न उरतो. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेली फळी १८-१९ टक्क्यांपर्यंत ओल धरते. तिची तेव्हा घट्ट बसवलेली खाच दिवाळीनंतर सैल पडते. कपाट फळ्यांना पुरणार नाही. हत्यारांपुरतं भागत असेल तर इथेच थांबा. फळ्याही आत ठेवायच्या असतील तर पैसे डिह्युमिडिफायरवर, म्हणजे हवेतली ओल काढणाऱ्या मशीनवर, घाला. हवा २७ अंशांवर ठेवून ८८ वरून ५५ टक्क्यांवर आणायची तर घनमीटरमागे ८-९ ग्रॅम पाणी काढावं लागतं. तुमच्या गॅरेजात तासाला एकदा हवा बदलते असं धरलं तर दिवसाला ९ लिटरच्या आसपास. म्हणून दिवसाला २० लिटरचं मशीन घ्या. खोक्यावरचा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेला असतो, हवा कोरडी होत गेली की मशीन त्याच्या निम्मंही काढत नाही. हे मशीन पाणी काढताना स्वतःची ऊबही खोलीत सोडतं, ती आपल्याला उलट फायद्याचीच. पण आधी दाराखाली ब्रश-पट्टी लावा आणि पत्र्याच्या कडेची भोकं बुजवा. त्याशिवाय मशीन लावणं म्हणजे अरबी समुद्र सुकवायला बसणं. पाण्याची नळी बाहेर काढा, नाहीतर टाकी भरून मशीन रात्री दोनला बंद पडेल.

काहीही घ्यायच्या आधी लॅमिंग्टन रोडवरून एक छोटा आर्द्रतामापक आणा आणि तो खरं बोलतो का ते तपासा. छोट्या उघड्या वाटीत मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, वाटी आणि मापक हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पुढे प्रत्येक रीडिंगमध्ये ५ मिळवा.

आता माझं खातं, वायरिंग. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टला ८.७ अँपियर खातो. त्याला १६ अँपियरचंच सॉकेट हवं. मोठ्या पिनला छोट्या सॉकेटात बसवणारे जे कन्व्हर्टर फुटपाथवर मिळतात, त्यांनी जाळलेले बोर्ड मी मोजायचं सोडून दिलंय. एक्स्टेंशन बोर्डवर हीटर नको. तुमचा टेबल सॉ ६-७ अँपियर खातो, तो आणि मोठा हीटर एकाच सर्किटवर घातलात तर १६ अँपियरचा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) काठावर उभा राहतो. कपाटातल्या ४० वॉटला यातलं काहीच लागत नाही, पण गॅरेजात येणारी लाइन तरीही तपासून घ्या: जुन्या इमारतींत ती बहुधा जिन्यातून लोंबत आलेली, तीन जागी टेप गुंडाळलेली असते. अडीच स्क्वेअर मिलिमीटर तांब्याची एकसंध वायर, पाइपातून, खरी अर्थिंग, आणि गॅरेजसाठी स्वतंत्र ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. बोर्ड छातीच्या उंचीवर. हिंदमाताला पाणी भरतं तेव्हा ते तुमच्या गल्लीपर्यंत किती येतं हे वॉचमनला विचारा आणि त्याच्या दोन फूट वर खूण करा. बनवलेलं फर्निचर विकत असाल तर घरच्या मीटरवर ते चालवू नका, वेगळं कनेक्शन मागा. तपासणीत सापडलात तर २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली आकारणी होते.

एक शेवटची अडचण येईल, आधीच सांगून ठेवतो. हीटर वर्षभर पडून राहिला की त्याच्या नळीतली पांढरी पूड, मॅग्नेशियम ऑक्साइड, हवेतली ओल पिते. मग जूनमध्ये पहिल्यांदा लावला की आरसीसीबी खटकन पडतो. बहुतेक जण तेव्हा आरसीसीबीलाच दोष देऊन तो बायपास करतात. तसं करू नका. हीटर काढून दोन-चार दिवस कोरड्या उबदार जागी ठेवा, वायरमनकडून मेगर लावून घ्या, रीडिंग चांगलं आलं तर पुन्हा बसवा, नाही आलं तर नवा हीटर आणा. कपाटातला हीटर मात्र मे संपायच्या आत चालू करा आणि ऑक्टोबरची हीट सुरू होईपर्यंत बंदच करू नका, म्हणजे ही वेळ सहसा येत नाही.